द्वारकाक्कांचा उघडा नळ

नळाला आधी हवा येते, मग पाणी. निंबेश्वरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दर तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आधी खाकरतो, दोन-चार उसासे टाकतो आणि मग धार धरतो. वेळ कधी साडेसहा, कधी सव्वासात. धरणावरच्या पंपाला वीज कधी मिळते त्यावर सगळं. म्हणून गावाची जुनी रीत अशी की पाणी गेल्यावर नळ बंद करायचाच नाही. उघडा ठेवायचा आणि खाली रिकामं भांडं मांडायचं. पाणी आलं की भांडं वाजतं, आणि घरातलं माणूस असेल तिथून उठून येतं. हंडे-कळश्या भरल्या की नळ बंद. पाणी गेलं की पुन्हा उघडा.

तांबट आळीत द्वारकाक्का टाकळकरांच्या मोरीत नळाखाली तांब्याचं घंगाळ असे. त्यांचे यजमान, कीर्तनकार अनंतबुवा, यांना कुठल्याशा गावच्या सप्त्यात ते मिळालेलं. बुवा जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा विश्वंभर पुण्याला नोकरीत. आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या, आणि त्या एकटेपणाबद्दल कोणी हळहळलं तर त्याला चहा न विचारता वाटेला लावणाऱ्या.

भानुदास वाकचौरे हा बुवांचा टाळकरी. कीर्तनात लोक बघतात बुवांकडे. पण बुवा निरूपणाच्या भरात रामेश्वरापासून हिमालयापर्यंत फिरून आले तरी परत पाय ठेवायला जागा लागते, ती मागचा टाळकरी धरून ठेवतो. भानुदासने ती बावीस वर्षं धरली. पोटासाठी तो नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात चावीवाला होता. म्हणजे पहाटे खांद्यावर कमरेइतकी उंच लोखंडी चावी घेऊन निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, खालचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि एकेका भागाला पाणी सोडायचं. पाणी सोडलं की तो त्याच भागात सायकलने एक फेरी मारी. नियमात तसं नव्हतं. पण कुणाच्या दारात सडा पडलाय, कुणाच्या नाही, कुणाचा नळ नुसताच वाहतोय, एवढं बघितलं की आळीची तब्येत कळायची.

चार वर्षांपूर्वी आक्का तापाने पडल्या तेव्हा असंच कळलं. घंगाळ भरून वाहिलं, मोरीतून पाणी अंगणात, अंगणातून आळीत आलं. समोरच्या कासार वहिनी भांडायच्या तयारीने आत शिरल्या, की पाणी काय तुमच्या एकट्यांच्या वाटणीचं आहे का. आणि आक्कांना ग्लानीत बघून भांडण तोंडातच ठेवून रिक्षा बोलवायला धावल्या. पुढे आक्काच ही गोष्ट रंगवून सांगत. म्हणत, देवाने मला वाचवायला कासारीण पाठवली, तीसुद्धा शिव्या देत.

पुढे दोन वर्षांनी गावात 'श्रवण' नावाची यंत्रणा आली.

धरण दरवर्षी थोडं लवकर तळ दाखवू लागलं होतं आणि वर चढवलेल्या दहा हंड्यांतले चार वाटेतच मुरत होते. कुठे मुरतात ते कळायला एकच मार्ग होता, पाइपला कान लावणं. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. भरलेल्या बिडाच्या नळीतही सेकंदाला किलोमीटरभर. कुणी नळ उघडला की दाबाची एक बारीक लाट नळीतून उलटी धावते. बंद केला की दुसरी. ती लाट प्रत्येक तोटीची वेगळी असते. कुठे वायसर झिजलेला, कुठे तोटी नवी, कुठे नळीला जुनं वळण. लिंबाएवढं एक यंत्र प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी, मीटरच्या पेटीत, नळीला चिकटवून बसवलं की ते या लाटा ऐकतं. हजारो यंत्रांनी ऐकलेलं एका ठिकाणी जुळवलं की गळती कुठे, चोरून मोटर कोणी लावली, हे खुर्चीत बसून समजतं. पेटीत विजेवर फिरणारी छोटी झडपही असते. गळती दिसली की यंत्र त्या घराचं पाणी आपण होऊन बंद करतं.

हे सगळं उभं करणारी अभियंता रुखसार मुजावर मिरजेची. तिचे आजोबा तंबोरे करायचे. ती भानुदासला म्हणाली होती, काका, दोन तंबोऱ्यांची जवारी कधी सारखी लागत नाही ना, तसंच हे. यंत्राला ऐकू येतं, पण त्याने काय ऐकलं ते त्याला कोणीतरी सांगावं लागतं. आणि ते सांगणारा कान गावात तुमचाच आहे.

अशा रीतीने चावी खांद्यावरून उतरली आणि भानुदास टेकडीवरच्या टाकीखालच्या खोलीत, पडद्यासमोर बसू लागला. रोज यंत्र त्याला न कळलेले पन्नासेक आवाज ऐकवी आणि तो नाव सांगे. ही गळती. ही पाटलांच्या हौदाची तोटी. ही खडखड, म्हणजे भांडी, मांजरं, पोरांनी नळीवर मारलेले दगड. ही सोडून द्यायची. यंत्र एकदा सांगितलेलं विसरत नसे. भानुदासला त्याचं कौतुक वाटे. बुवाही असेच होते, एकदा ऐकलं की गाठीला.

तक्रार आली ती आक्कांची, आणि तीही घरी बोलावून, चहा पुढे ठेवून.

नळ वीस-पंचवीस मिनिटांवर नुसता वाहिला की यंत्र जोडणीच्या मालकाला मोबाइलवर संदेश धाडी: आपल्या नळातून पाणी वाया जात आहे. आक्कांची जोडणी विश्वंभरच्या नावावर होती. आक्का हल्ली विसरू लागल्या होत्या. घंगाळ वाजलेलं ऐकायच्या, 'आले आले' म्हणत उठायच्या आणि वाटेत देवाच्या फुलांना हात लावला की तिथेच रमायच्या. दोन महिन्यांत विश्वंभरला चार संदेश गेले. प्रत्येक संदेशानंतर त्याचा फोन येई आणि प्रत्येक फोनचा शेवट एकच असे, की आई, आता बास, मी येऊन घेऊन जातो.

"भानू, तुझं ते यंत्र माझ्या पोराकडे माझ्या चहाड्या करतं," आक्का म्हणाल्या.

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

"विशू वाईट नाही रे. सोन्यासारखा आहे. पण सातव्या मजल्यावर राहतो. तिथे एकादशीला भजनाला कोण येणार, लिफ्ट? मला इथून हलवलं तर मी चार महिन्यांत जाईन, आणि त्या बिचाऱ्याला वाटेल माझीच सेवा कमी पडली." मग त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "तेवढं माझं विसरणं झाकशील?"

भानुदासने बुवांकडून काही मागितलं नव्हतं आणि बुवांच्या घराने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे पहिलं मागणं.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्राला एक नवं नाव शिकवलं: 'विसर'. रुखसारला समजावून सांगितलं, की म्हातारी माणसं नळ बंद करायला विसरतात. ती गळती नव्हे आणि गुन्हाही नव्हे. अशा घरी वीस मिनिटांनी झडप गुपचूप मिटावी, अर्ध्या तासाने पुन्हा उघडावी. संदेश नको. त्याने वीसच का सांगितली, तर आक्कांचं घंगाळ भरायला अठरा मिनिटं लागतात हे त्याला ठाऊक होतं. दोन मिनिटांचं पाणी मोरीतच जिरेल. आळीत थेंब येणार नाही, कासार वहिनींची कटकट नाही, पुण्याला चहाडी नाही.

रुखसारला ते आवडलं. म्हणाली, काका, हे कुठल्या पुस्तकात नाही. यंत्र स्वतःच शोधत गेलं आणि गावात तसली आणखी एकशे सत्तर घरं निघाली. पाणी वाचलं. लेकी-सुना येऊन भानुदासला पेढे देऊन गेल्या, की आमच्या अण्णांची घरातली बोलणी वाचली. आक्का एकादशीला सगळ्यांसमोर म्हणाल्या, देव भक्ताची लाज राखतो म्हणतात, माझी भानूने राखली. भानुदास खाली मान घालून टाळ पुसत राहिला. असं सुख त्याला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नव्हतं.

असं दीड वर्ष चाललं. आक्का आपल्या घरात राहिल्या.

तो सोमवार पाण्याचा होता. तांबट आळीला सात वाजून दहा मिनिटांनी पाणी पोचलं. साडेसातला पडद्यावर ओळ उमटली: टाकळकर, विसर, झडप बंद. भानुदासच्या हातात चहा होता. तो रुखसारला म्हणाला, आमच्या आक्का फुलांत रमल्या वाटतं. आणि त्याने बशीत चहा ओतला.

आठ वाजता झडप पुन्हा उघडली. सव्वाआठ होईतो नळ वाहतच राहिला आणि सव्वाआठला आळीचं पाणीच संपलं. मधल्या अर्ध्या तासात मोरी निचरली होती, म्हणून घंगाळाच्या काठावरून गेलं ते मोरीच्या तोंडाने खाली उतरलं. आळीत काही आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी कासार वहिनींना समोरच्या तुळशीपाशी दिवा दिसला नाही. कालही नव्हता, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दार ढकललं तेव्हा आक्का मोरीत पडलेल्या होत्या. कमरेचं हाड मोडलेलं, लुगडं भिजून वाळलेलं, हातात पितळी लोटी. डॉक्टर म्हणाले, सोमवारी दुपारीच गेल्या असाव्यात. पडल्या मात्र सकाळी. मधल्या वेळाचं ते काही बोलले नाहीत.

विश्वंभर रात्रीतून आला. बुधवारी सकाळी सगळं झालं. भजनी मंडळ पुढे होतं आणि भानुदासच्या हातात टाळ होता, पण त्या दिवशी तो कसा वाजवायचा तेच त्याला समजत नव्हतं. लोक म्हणाले, दुःख आहे, होतं. पडद्यावरची ती ओळ फक्त त्याच्या डोळ्यांसमोर होती. साडेसात. झडप बंद. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, की त्या पडताक्षणी गेल्या असतील. डॉक्टरांचा अंदाज तो अंदाज. त्या कोपऱ्याला धरून त्याने आठवडा काढला.

दहाव्या दिवशी घर धुवायला तो गेला. मोरी त्यानेच घेतली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भिंतीलगत जुनी लोखंडी नळी खालून वर गेली होती, वर्षानुवर्षांच्या गंजाने तपकिरी. जमिनीपासून वीतभर उंचीवर, रुपयाएवढ्या जागेत, गंज उडालेला होता. आतलं लोखंड चकाकत होतं. त्यावर बोटाने चाचपडलं तर बारीक बारीक खड्डे लागले. पाच-दहा नव्हेत. मोजता येऊ नयेत इतके.

तो तसाच, ओल्या धोतराने, टेकडीवर आला. रुखसारला म्हणाला, मॅडम, त्या सोमवारची आक्कांच्या नळाची खडखड मला ऐकवा.

यंत्र खडखड सोडून देत असलं तरी ऐकलेलं सगळं पंधरा दिवस जपून ठेवतं, मग पुसतं. नळी रिकामी असली तरी लोखंडातून ठोका उंबऱ्यापर्यंत पोचतोच. रुखसारने सोमवार उघडला. सात दहाला हवा आली, पाणी आलं, घंगाळ वाजायला लागलं. लगेच एक जड आवाज झाला, तो दोघांनाही कळला. नंतर वीस मिनिटं फक्त पाणी. साडेसातला झडप मिटली. चार मिनिटं काही नाही. आणि मग ठोके सुरू झाले. ठण. ठणठण. ठण.

भानुदासने पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केला. रुखसारने थांबवलं.

ती म्हणाली, "काका, पाणी वाहत होतं तोवर त्यांनी वाजवलंच नाही."

"हो."

"का?"

त्याला कारण माहीत होतं. आक्का पडल्या पडल्या वाहत्या पाण्याकडे बघत होत्या. आता घंगाळ भरेल, पाणी मोरीबाहेर जाईल, आळीत जाईल, आणि कासारीण शिव्या देत येईल. देवाने एकदा पाठवली तशी. त्या वाट बघत होत्या. पाणी थांबलं तेव्हा त्यांनी लोटी उचलली.

शेवटचा ठोका कुठे आहे ते रुखसारने त्याला न ऐकवता शोधलं आणि कागदावर वेळ लिहून ठेवली: अकरा वीस. नंतर खुर्ची त्याच्याकडे वळवून म्हणाली, की यात तुमच्या एकट्याची चूक नाही. वीस मिनिटं तुम्ही सांगितली, पण म्हातारं माणूस अर्धा तास नळाकडे फिरकलं नाही तर कोणाला तरी दारात धाडावं, हे मला सुचायला हवं होतं. खात्याच्या साहेबांना तिने तसं लिहून दिलं. साहेब म्हणाले, माणसं कमी करायला यंत्र घेतलं ना आपण, आता दारात कोणाला धाडू? बघू.

"येत्या सोमवारी संध्याकाळी हे पुसलं जाईल," रुखसार म्हणाली. "आपण काही नाही केलं तरी." आणि पुढे हळूच, "त्यांच्या मुलाला हे ऐकून काय मिळणार, काका?"

तीन दिवस भानुदासने हाच प्रश्न देवापुढे बसून फिरवून फिरवून बघितला. सांगितलं नाही तर विश्वंभरला आयुष्यभर वाटेल, आई क्षणात गेली. ते खोटं, पण त्यावर माणूस झोपू शकतं. आणि भानूदादा त्याच्यासाठी भानूदादाच राहील. सांगितलं तर दोन्ही जातील. बुवा निरूपणात म्हणायचे, खोटं बोलणाऱ्याला देव क्षमा करील, पण खोट्यावर दुसऱ्याला झोपवणाऱ्याला देवाच्या दारात उभं राहून थांबावं लागतं. तेव्हा सगळे हसायचे. भानुदासही टाळ थांबवून हसला होता.

सोमवारी साडेदहाला विश्वंभर पाणीपुरवठा कार्यालयाच्या खिडकीशी आला. तेरावं शनिवारी झालं होतं. घराला कुलूप लावून दुपारच्या गाडीने तो परतणार होता. नळजोडणी बंद करण्याचा अर्ज भरायचा होता. खिडकीतल्या बाईंनी कागद दिला. 'कारण' या रकान्यात काय लिहू, असं त्याने विचारलं. ग्राहक मयत लिहा, त्या म्हणाल्या. पण ग्राहक मीच आहे, तो म्हणाला, नळ माझ्या नावावर आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि टेकडीवर फोन लावला.

भानुदास खाली आला. विश्वंभरने वाकून नमस्कार केला, तेव्हा याने पाय मागे घेतले.

"तुम्ही होतात म्हणून ती स्वतःच्या घरात राहिली, भानूदादा. मी न्यायला निघालो की म्हणायची, भानू आहे ना." मग म्हणाला, "शेवटच्या दीड वर्षात एकदाही नळ वाहिल्याचा संदेश आला नाही. मला वाटलं, तिचं विसरणं कमी झालं."

भानुदास म्हणाला, वर चल.

टाकीखालच्या खोलीत त्याने विश्वंभरला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि सगळं सांगितलं. आक्कांनी काय मागितलं, त्याने यंत्राला काय शिकवलं, वीसच मिनिटं का, साडेसातची ओळ, बशीतला चहा. काही मागे ठेवलं नाही. नळीवरचा चकाकणारा डागही सांगितला. रुखसार खिडकीकडे तोंड करून उभी होती.

विश्वंभर हातातल्या अर्जाच्या घड्या घालत होता. मग एकेक विचारू लागला, हिशोबी माणूस आकडे जुळवतो तसं.

"संदेश आला असता तर मी तिला फोन केला असता."

"हो."

"तिने उचलला नसता. मग मी कासार वहिनींना केला असता."

"हो."

"आठच्या आत."

"हो."

"आणि ते संदेश तुम्ही बंद केले. का?"

"तू आक्कांना नेलं असतंस, विशू."

विश्वंभरने मान खाली घातली. नंतर म्हणाला, "नेलं असतं. आणि ती मला सातव्या मजल्यावरून रोज शिव्या देत असती." मग पुन्हा म्हणाला, "देत असती."

भानुदासला क्षमा मागायची होती. शब्द तोंडाशी आले होते. पण त्याला वाटलं, आत्ता मागितली तर ती या पोरावर आणखी एक ओझं होईल.

"मला ते ऐकवा," विश्वंभर म्हणाला.

रुखसार वळली. म्हणाली, पावणेचार तास आहेत. महत्त्वाचं तेवढं काढून...

"सगळं. मधलं काही गाळू नका."

पावणेबाराला तिने सुरू केलं. पहिले ठोके वेडेवाकडे होते, घाईचे. मागे आळीतली भांडी वाजत होती, पाण्याचा दिवस होता. त्यात हा एक ठोका कुणाच्या कानी पडणार? यंत्र उंबऱ्याशी, म्हणून मधेच कासार वहिनींचा आवाजही पुसट आला, कुणाला तरी बादली उचल म्हणत होत्या. तेव्हा ठोके जोरात झाले. मग पुन्हा मंद. आठला नळ परत वाहू लागला आणि ठोके थांबले; पाव तास नुसतं पाणी. विश्वंभरने भानुदासकडे बघितलं. भानुदासने मान हलवली. हो, तेव्हाही त्या वाटच बघत होत्या.

नवाच्या सुमाराला आळी शांत झाली. माणसं कामाला गेली. आणि ठोक्यांचं रूप बदललं. तीन ठोके, एक जागा रिकामी. तीन ठोके, एक जागा रिकामी. भानुदास ते ऐकताच भिंतीला टेकला.

"काय झालं?" विश्वंभरने विचारलं.

"बुवांचा पहिला गजर. चौथी मात्रा मोकळी सोडायचे ते. लोकांना 'हरी' म्हणायला."

विश्वंभर ऐकत राहिला. त्याने लहानपणी तो गजर हजार वेळा ऐकला असणार, पण त्याला तो ओळखता आला नव्हता. त्याने विचारलं, म्हणजे तिने हाक मारणं सोडून दिलं? म्हणजे ती घाबरलेली नव्हती?

इथे भानुदासला एक शब्द पुरला असता. हो, म्हटलं असतं तर विश्वंभरने तो शब्द घट्ट धरला असता आणि पुण्याला नेला असता.

"मला सांगता येत नाही, विशू. दमलेला हातही तीन मारून चौथ्याला थांबतो. हाक कुठे संपली आणि नाम कुठे लागलं, माझ्या कानाला कळत नाही. कळलं असतं तर सांगितलं असतं."

"मी तुम्हाला माफ करू शकेन असं वाटत नाही, भानूदादा."

"नको करू."

"पण उभे राहू नका. बसा इथे."

भानुदास त्याच्या शेजारी बसला. रुखसार पाणी ठेवून गेली, ते तसंच राहिलं. दुपार झाली. दहाची वेळ गेली, साडेदहाची गेली. ठोक्यांतली अंतरं वाढत चालली. तिनाचे दोन झाले. विश्वंभरची गाडी सुटायची वेळही होऊन गेली. अकरा वाजताचा एक ठोका आला, मग इतका वेळ काही नाही की दोघांनी श्वास धरला, मग आणखी एक. अकरा वीसला एक, अगदी हलका, लोटी नळीला नुसती टेकल्यासारखा.

पुढे नुसती आळी होती. भाजीवाला मेथी मेथी ओरडत गेला. कुणाचं तरी दार वाजलं. कबुतरं.

रुखसारने कागदावर लिहिलेली वेळ विश्वंभरसमोरच होती, त्याने ती वाचलेली होती. तिचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या," तो म्हणाला. "अजून थोडं ऐकू. मध्ये थांबली असेल."

रुखसारने हात मागे घेतला. भानुदासने खुर्ची जरा पुढे सरकवली, आणि दोघं ऐकत बसले.